९९ टक्के आले, तरी थेसिस का लिहिता येत नाही?

सांगलीत एम.टेक. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "मॅडम, माझा विषय द्राक्षाच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखण्याचा आहे. प्लांटव्हिलेजचा डेटासेट घेतला, मॉडेल ट्रेन केलं, ९९ टक्के अ‍ॅक्युरसी आली. गाईड म्हणतात, यात तुझं काय? लिहायला बसलो की इंट्रोडक्शनच्या दुसऱ्या पानावर अडकतो. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी कच्चं आहे. घरची पळूसला दीड एकर द्राक्षबाग आहे, नुकतीच फळछाटणी झालीय, त्यामुळे शनिवार-रविवार तिकडेच जातात. जूनमध्ये सबमिशन. विषय बदलू का?"

विषय बदलू नकोस. तुझी खरी थेसिस तुझ्या पत्राच्या शेवटून तिसऱ्या वाक्यात आहे आणि ती तू अडचण म्हणून लिहिली आहेस. तिच्याकडे येतेच, पण आधी त्या ९९ बद्दल बोलू.

प्लांटव्हिलेज हा निरोगी आणि रोगट पानांच्या फोटोंचा खुला संग्रह आहे. त्यावरचा खूप वाचला गेलेला शोधनिबंध २०१६ सालचा आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग, एकूण ३८ वर्ग, आणि अ‍ॅक्युरसी ९९.३५ टक्के (शंभर फोटोंत इतकी उत्तरं बरोबर). म्हणजे तू जिथे आज पोचलास तिथे लोक तेव्हाच पोचले होते. गाईड "तुझं काय" असं विचारतात ते याचसाठी, त्यात राग मानू नकोस. पण त्याच निबंधात पुढे एक आकडा आहे आणि आपली मुलं तो वाचतच नाहीत. तेच मॉडेल वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या, बाहेरून गोळा केलेल्या फोटोंवर चालवलं तेव्हा अ‍ॅक्युरसी ३१ टक्क्यांच्या जेमतेम वर राहिली. लेखकांनी ते लपवलं नाही, स्वतःच सरळ लिहिलं. मग २०२२ मध्ये एकाने आणखी पुढचं करून पाहिलं. प्रत्येक फोटोच्या कडेचे फक्त ८ ठिपके (पिक्सेल) घेतले, म्हणजे पानाचा भाग जवळजवळ नाहीच, नुसती मागची पार्श्वभूमी. तेवढ्यावर शिकवलेल्या मॉडेलने ४९ टक्के बरोबर उत्तरं दिली. ३८ वर्गांत डोळे मिटून बोट ठेवलं तर ३ टक्केसुद्धा येत नाहीत. याचा अर्थ काय ते तूच मांड: एका रोगाचे फोटो एका बैठकीत, एका उजेडात, एका कागदावर ठेवून काढलेले असले, तर मॉडेल रोगाऐवजी तो कागद ओळखायला शिकतं.

आता बागेत ये. त्या डेटासेटमध्ये द्राक्षाचे ४,०६२ फोटो आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट हे तीन रोग आणि निरोगी पान. तुझ्या वडिलांना विचार, गेल्या दहा वर्षांत त्यांनी कशासाठी फवारणीचा ब्लोअर फिरवला. ते दावण्या म्हणतील, भुरी म्हणतील. दावण्या म्हणजे डाऊनी, भुरी म्हणजे पावडरी मिल्ड्यू. हे दोन्ही त्या डेटासेटच्या द्राक्षाच्या भागात नाहीत. ज्या रोगांनी तासगाव-पळूसच्या माणसाची झोप उडते ते तुझ्या मॉडेलला माहीतच नाहीत, आणि तरी ते ९९ टक्के बरोबर आहे. इंट्रोडक्शनच्या दुसऱ्या पानावर तू अडकतोस याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. तिथे "याचा शेतकऱ्याला उपयोग होईल" असं लिहायचं असतं, आणि तुझा हात अडतो कारण तू शेतकऱ्याच्या घरातला आहेस.

थेसिसला एक प्रश्न लागतो. विषय आणि प्रश्न यांत गल्लत करू नकोस. "द्राक्षरोग ओळखणे" हा विषय झाला, त्याला उत्तर नसतं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा "इतकं" असं देता येईल आणि ते आधी कुणाला माहीत नसेल. तुझ्यासाठी मी असा मांडीन: प्रयोगशाळेतल्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल मांडवाखाली काढलेल्या फोटोंवर किती पडतं, नेमकं कशामुळे पडतं, आणि ते सावरायला बागेतले किती फोटो पुरतात? तीन तुकडे आहेत, पण धागा एक. प्रत्येक तुकड्याचा एकेक प्रयोग आणि एकेक आकृती. एवढ्यात मास्टर्सची थेसिस होते. मॉडेलचं नवं आर्किटेक्चर, म्हणजे रचना, शोधायची गरज नाही, जुन्याला चमकदार नाव देण्याची तर मुळीच नाही.

डेटा गोळा करणं हे सगळ्यात नाजूक काम आहे आणि त्याला ऋतूची मुदत आहे. फळछाटणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने, पाऊस, दव आणि धुकं असताना दावण्या दिसतो. फेब्रुवारीत कोड तयार करून बागेत गेलास तर पानं वेगळी असतील आणि थेसिस एक वर्ष पुढे जाईल. कोड थांबू दे, आधी फोटो. आणि फोटो काढताना पान तोडून कागदावर ठेवू नकोस, नाहीतर आपण जी चूक तपासतोय तीच पुन्हा करू. वेलीवर असतानाच काढ, सकाळी एकदा, दुपारी एकदा, वरून आणि खालून. खालून हे विसरू नकोस. दावण्याचा तेलकट पिवळा डाग पानाच्या वरच्या बाजूला दिसतो, पण पांढरी बुरशी खालच्या बाजूला असते. भुरीची राख बहुतेक वेळा वर दिसते. एकाच बाजूचे फोटो घेतलेस तर अर्धी खूण हातची गेली. औषध मारल्यावर पानावर जे पांढरे डाग राहतात त्यांचेही फोटो मुद्दाम घे. मॉडेल त्यांना भुरी म्हणेल अशी माझी अटकळ आहे, आणि तसं झालं तर चर्चेच्या प्रकरणात दोन चांगली पानं तुला मिळतील.

प्रत्येक फोटोबरोबर वहीत किंवा शीटमध्ये नोंद हवी: तारीख, वेळ, कोणत्या ओळीतला कितवा वेल, जात कोणती, मोबाईल कोणता, शेवटची फवारणी कधी. ही नोंद आज कंटाळवाणी वाटेल. मार्चमध्ये "दुपारच्या फोटोंवरच का चुकतंय" असा प्रश्न पडेल तेव्हा हीच शीट उघडशील. एकट्या तुमच्या बागेवर थांबू नकोस. पाहुण्यांपैकी, शेजाऱ्यांपैकी अजून दोन बागा मिळव, शक्य तर वेगळ्या गावातल्या. एक बाग पूर्ण बाजूला ठेव, ट्रेनिंगला तिचा एकही फोटो नको. शेवटची परीक्षा तिच्यावर.

हे मी इतक्या जोर देऊन सांगतेय कारण इथेच आपल्याकडच्या निम्म्या थेसिस पोकळ निघतात. सगळे फोटो एका पोत्यात ओतायचे आणि यदृच्छेने ८०-२० वाटायचे, म्हणजे ८० टक्के मॉडेल शिकवायला (ट्रेनिंग) आणि २० टक्के तपासायला (टेस्ट), ही सवय झालीय. एकाच पानाचे चार फोटो असले तर तीन ट्रेनिंगला आणि एक टेस्टला जातो, आणि मॉडेलने पान पाठ केलेलं असतं. वाटणी फोटोंची करू नकोस, वेलींची कर, आणि जमलं तर बागांची. माझ्याकडे एकदा कृष्णेच्या पाणीपातळीचा अंदाज करणारी विद्यार्थिनी होती. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळच्या नोंदी, न्यूरल नेटवर्क, निकाल सुंदर. मी तिला म्हटलं, "उद्याची पातळी आजच्याइतकीच" असं म्हणणारा एक ओळीचा प्रोग्राम लिही आणि तुलना कर. त्या एका ओळीने तिचं नेटवर्क जवळजवळ गाठलं, आणि तिने दिवस सरमिसळ करून वाटल्यामुळे मॉडेलला उद्याचा दिवस आधीच दिसत होता हेही त्यातून कळलं. ती आठवडाभर खचली. मग तिने वाटणी काळाप्रमाणे केली, पूर चढतानाचे दिवस वेगळे काढले, आणि फक्त तिथे नेटवर्क त्या एका ओळीपेक्षा सरस ठरतं हे दाखवलं. आकडे आधीपेक्षा लहान होते. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, तासभर फक्त त्या एका आलेखावर चर्चा केली, आणि ती आनंदाने केली.

तुझ्याकडेही असा एक साधा प्रतिस्पर्धी हवा. समज ३०० फोटोंपैकी २४० निरोगी पानांचे आले, तर प्रत्येक फोटोला "निरोगी" म्हणणारा प्रोग्राम ८० टक्के बरोबर ठरतो आणि त्याला रोग एकही सापडत नाही. म्हणून नुसती अ‍ॅक्युरसी लिहू नकोस. प्रत्येक रोगाचा रिकॉल (खऱ्या रोगट पानांपैकी किती सापडली) आणि प्रिसिजन (रोगट म्हटलेल्यांपैकी किती खरंच रोगट) वेगळा दे, आणि कन्फ्युजन मॅट्रिक्स (कशाला काय म्हटलं याचा तक्ता) पूर्ण छाप. रंगांच्या हिस्टोग्रामवर (कुठला रंग किती याच्या मोजणीवर) रँडम फॉरेस्ट हे साधं मॉडेलही चालवून बघ; एका दुपारचं काम आहे.

आणखी एक हिशेब. टेस्टला ६० फोटो असतील तर एक फोटो म्हणजे १.६७ टक्के. मग "आमची पद्धत १ टक्क्याने सरस" या वाक्याला अर्थ उरत नाही, एक पूर्ण फोटोसुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही. ६० फोटोंवर ८० टक्के आले तर खरा आकडा साधारण ७० ते ९० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून टेस्टचे फोटो वाढव, आणि प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या सीडने (सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्याने) किमान ५ वेळा चालवून सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही लिही. पाचातला सगळ्यात चांगला आकडा उचलून लिहिणं ही फसवणूक आहे. ती सर्रास चालते म्हणून ती चूक नाही असं समजू नकोस.

लेबलं कोण लावणार? वडिलांचा डोळा माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा नक्कीच तयार आहे, पण थेसिसमध्ये "घरच्यांनी सांगितलं" एवढं पुरत नाही. वडील आणि वनस्पतिरोगशास्त्र शिकलेला एखादा माणूस, दोघांना तेच १०० फोटो वेगवेगळे दाखव, एकमेकांची उत्तरं न बघता. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचार, किंवा पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे गाईडच्या सहीने पत्र पाठव. मग कोहेनचा कप्पा काढ, म्हणजे योगायोग वजा करून दोघांचं किती जमलं याचं माप. दोघांचं ८० फोटोंवर जमलं आणि नुसत्या योगायोगाने ५० वर जमलं असतं, तर कप्पा ०.६ येतो. जिथे दोघांचं पटत नाही ते फोटो फेकू नकोस. माणसांनाच जिथे शंका आहे तिथे मॉडेल काय म्हणतं हे बघण्यासारखं असतं.

आता लिहिणं. तू इंट्रोडक्शनपासून सुरुवात केलीस, म्हणून अडकलास. मी कुणालाच तिथून सुरू करू देत नाही. आधी "डेटा आणि पद्धत" हे प्रकरण लिही, कारण त्यात तू जे केलंस तेच सांगायचंय: कुठल्या बागा, किती फोटो, कसे वाटले, कुठलं मॉडेल, लर्निंग रेट किती, कुठल्या जीपीयूवर किती वेळ लागला. हे काम सुरू असतानाच रोज अर्धा तास लिहिलं तर मार्चपर्यंत २० पानं आपोआप जमतात. नंतर निकाल. निकालाच्या प्रकरणात आधी आकृत्या आणि तक्ते ओळीने मांड, मग प्रत्येकाखाली "यातून काय दिसतं" ते चार वाक्यांत लिही. त्यानंतर लिटरेचर सर्व्हे, मग इंट्रोडक्शन, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अगदी शेवटी.

लिटरेचर सर्व्हेबद्दल थोडंच सांगते. "अमुकने हे केलं, तमुकने ते केलं" अशी चाळीस परिच्छेदांची माळ मी वाचत नाही, एक्स्टर्नलही वाचत नाहीत. एक तक्ता कर: कोणी, कुठल्या फोटोंवर शिकवलं, कुठल्या फोटोंवर तपासलं, शेतातल्या फोटोंवर तपासलं का. शेवटच्या रकान्यात "नाही" किती वेळा येतंय ते मोज. ती रिकामी जागा म्हणजेच तुझ्या इंट्रोडक्शनचं दुसरं पान.

इंग्रजीची गोष्ट मला जास्त जिव्हाळ्याची आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. माझ्या थेसिसचं पहिलं प्रकरण मी तीन निबंधांतली वाक्यं जोडून तयार केलं होतं. चोरी करायची म्हणून नाही, माझं वाक्य इंग्रजीत चुकेल या भीतीने. माझ्या गाईडनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आता मला हे मराठीत सांग." मी दहा मिनिटं सलग सांगितलं. ते म्हणाले, "हे लिही." त्या दिवसापासून मी प्रत्येक परिच्छेद आधी मराठीत लिहिते, मग इंग्रजीत आणते, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही तेच करायला लावते. तूही कर. वडिलांना मांडवाखाली बसवून सांग की तू काय तपासतोयस. ते मध्ये ज्या शंका काढतील त्या लिहून घे, तेच तुझे सेक्शन. मग इंग्रजीत छोटी वाक्यं लिही, एका वाक्यात एक गोष्ट, कर्ता आधी, क्रियापद जवळ. कॉम्प्युटर सायन्सच्या थेसिसला यापेक्षा जास्त इंग्रजी लागत नाही. व्याकरणाच्या चुका मी लाल पेनाने दुरुस्त करू शकते, विचारच उसना असेल तर मला काहीच करता येत नाही.

भीतीपोटी केलेली उचल नियमातही बसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. पण शब्द फिरवून टक्का खाली आणायच्या नादाला लागू नकोस, त्यात वाक्याचा अर्थ मरतो. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दलही विचारशील म्हणून सांगते: आपलंच वाक्य सुधारून घ्यायला ती उपयोगी आहेत. संदर्भ मात्र त्यांच्याकडून घेऊ नकोस, अस्तित्वात नसलेल्या निबंधांची नावं ती आत्मविश्वासाने देतात. ज्या निबंधाची पीडीएफ तू उघडून वाचली नाहीस तो संदर्भयादीत नको. आणि कुठलं साधन कशासाठी वापरलं ते थेसिसमध्ये एका वाक्यात लिहून टाक.

साधनांचं म्हणशील तर लेटेक शीक, म्हणजे थेसिसची मांडणी करून देणारं सॉफ्टवेअर. दोन आठवडे त्रास होतो, मग आकृत्यांचे क्रमांक आणि संदर्भयादी कधीच हाताने लावावी लागत नाही. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेव, थेसिसही. फोटो आणि नोंदींची शीट तीन ठिकाणी: लॅपटॉपवर, एका हार्ड डिस्कवर दुसऱ्या घरात, आणि क्लाउडवर. "दुसऱ्या घरात" हे उगाच म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या एका मुलाचा कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर, तळमजल्यावर होती. त्याची माणसं सुखरूप निघाली हे महत्त्वाचं. पण दीड वर्षाच्या मोजण्या गेल्या, आणि त्या परत घेता येण्यासारख्या नव्हत्या.

गाईडकडे "सर, काय करू" असं म्हणत जाऊ नकोस. दर पंधरा दिवसांनी एक पान लिहून ने: काय केलं, काय आलं, कुठे अडलं, पुढे काय करायचं ठरवलंय. एक पान असेल तर ते वाचतील. त्यांच्याकडे आठ-दहा मुलं असतील, तुझा धागा त्यांच्या डोक्यात राहावा ही जबाबदारी तुझी. त्यांनी प्रश्नाला होकार दिला की त्याच आठवड्यात सिनॉप्सिसमध्ये (थेसिसच्या आराखड्यात) तो शब्दशः घाल आणि नंतर कुणी "यात ब्लॉकचेनपण जोड" म्हणालं तर तो कागद दाखव.

व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, काळजी आत्ता करू नकोस, फक्त एवढं लक्षात ठेव की बागेतल्या फोटोंवर तुझा आकडा ५५ आला तर ५५ च लिहायचा. एक्स्टर्नल "इतका कमी का" म्हणतील तेव्हा तुझ्याकडे दुपारचे फोटो, औषधाचे डाग, पानाची खालची बाजू अशी कारणं असतील, प्रत्येकाचा तक्ता असेल, आणि ५०-१०० स्थानिक फोटो घातल्यावर तो किती वर आला याचा आलेख असेल. जे तपासलं नाही ते "तपासलं नाही" असं म्हण. माझ्या अनुभवात या उत्तराने कुणाचे मार्क गेलेले नाहीत, पण जे तपासलं नाही ते तपासलं म्हणणाऱ्यांचे गेलेत.

येत्या शनिवारी पळूसला जाशील तेव्हा लॅपटॉप घरी ठेव. मोबाईल, वही आणि मोजणीची पट्टी घे. पानाशेजारी पट्टी धरून काढलेला एक फोटो प्रत्येक वेलीचा असू दे, डागाचा आकार नंतर मोजता येईल. दव उतरायच्या आत, सातच्या सुमाराला पहिल्या ओळीपासून सुरू कर, पाच ओळी पुरेत. रविवारी रात्री शीट आणि वर सांगितलेला प्रश्न तुझ्या शब्दांत, मराठीत, एका पानावर लिहून मला पाठव. त्यावरून वाटणी कशी करायची ते आपण ठरवू.